पिंपरीचं लव्हेंडर

तमाम सुज्ञ, रसिक आणि वासाच्या साबणाने अंघोळ करणाऱ्या वाचकहो, कृपया उभे राहा. डोक्यावर टोपी असेल तर काढा. तोंडात चकली असेल तर आधी ती संपवा, कारण पुढचं ऐकून घास अडकला तर संपादक जबाबदारी घेणार नाहीत. देशाच्या औद्योगिक इतिहासातली एक भयंकर घटना, जी आजवर कोणत्याही मंत्र्याने भाषणात सांगितली नाही आणि कोणत्याही वर्तमानपत्राने छापली नाही, ती मी आज पूर्ण जबाबदारीने जाहीर करतो आहे. एकोणीसशे पन्नासच्या त्या दशकात, पिंपरी आणि चिंचवड यांच्या मधोमध, रुळांपासून दगड भिरकावला तर पत्र्यावर वाजेल अशा एका शेडमध्ये, लव्हेंडर फुलणार होतं. ते फुललं नाही.

बसा आता.

त्या शेडमध्ये मी केमिस्ट होतो. आज मी जाडजूड, टक्कल पडलेला आणि लग्नाच्या पंगतीत किस्से सांगण्यासाठी मुद्दाम बोलावला जाणारा गृहस्थ आहे. तेव्हा सडपातळ होतो आणि लोक मला कशालाच बोलावत नसत. हा एक किस्सा मात्र मी पंगतीत सांगत नाही. सुरुवातीला लोक पोट धरून हसतात आणि शेवटी पानावरची जिलबी तशीच राहते. यजमानांना ते आवडत नाही.

शेडचे मालक परमानंद शेठ. सिंधमधलं अत्तरवाल्यांचं घराणं. फाळणीत सगळं मागे राहिलं; सोबत आलं ते बायको, मुलं आणि नाक. नाक असं की, पिंपरी कॅम्पातल्या त्यांच्या खोलीत बसून तीन घरं पलीकडे कढीत मेथी जास्त पडली हे सांगत. कॅम्पात त्यांनी आधी अत्तराच्या कुप्या विकल्या, मग साबणवाल्यांना वास पुरवले, आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की वास परदेशातून मागवण्यापेक्षा इथेच का बनवू नये? त्यासाठी त्यांनी शेड बांधली आणि डॉक्टर बिवलकरांना आणलं.

बिवलकर परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले. सरकारी प्रयोगशाळेतली कायमची खुर्ची सोडून ते पत्र्याखाली येऊन बसले, कारण त्यांना एक गोष्ट सिद्ध करायची होती. परदेशातल्या मोठ्या कारखान्यांत होणारी नाजूक रासायनिक कामं पिंपरीच्या शेडमध्येही होतात, एवढंच. सासऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांनी सासऱ्यांना पुढच्या दिवाळीला पिंपरीचं लव्हेंडर घातलेला साबण पाठवायचं वचन दिलं.

आता थोडं शास्त्र. ज्यांना रसायनशास्त्र म्हटलं की मॅट्रिकचे मास्तर आणि त्यांची छडी आठवते त्यांनी घाबरू नये. मी न्हाव्याच्या दुकानाबाहेर जाणार नाही.

लव्हेंडरच्या वासातला खरा ऐवज म्हणजे लिनालूल. नाव एखाद्या नटीचं वाटतं आणि नखरेही तसेच. फुलांतून ते काढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्या आजूबाजूला ज्वारी आणि बाभळी यांखेरीज काही उगवत नसे. आम्ही ते तेलापासून बनवणार होतो. आमच्याकडे एक पिवळसर तेल तयार होतं, रॉकेलमध्ये गवत भिजत घातल्यासारखा त्याचा वास. या तेलाच्या प्रत्येक कणाला एका टोकाशी तिहेरी बंध असतो. तीन पेडांची वेणी समजा. हायड्रोजन वायू देऊन त्यातला एक पेड सोडवायचा आणि दोन तसेच ठेवायचे. एक सुटला की लव्हेंडर. हात पुढे सरकला आणि सगळे सुटले की ओल्या पुठ्ठ्याचा वास. एकही सुटला नाही तर आपलं रॉकेल आणि गवत आहेच.

वेणी सोडवणारा कारागीर म्हणजे पॅलेडियम नावाचा धातू. सोन्याच्या घराण्यातला, तसाच महाग. खडूच्या भुकटीवर त्याची काळी पूड बसवायची आणि ती तेलात ढवळत ठेवायची. तो स्वतः खर्च होत नाही, नुसतं काम करून घेतो. म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणतात. पण नुसतं पॅलेडियम म्हणजे उतावळा न्हावी. ‘शेंडी तेवढी ठेव’ असं आपण म्हणेपर्यंत गोटा करून मोकळा. यावर परदेशी शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय मला फार आवडला होता. न्हाव्याला थोडी भांग पाजायची. एक पेड सोडवेपर्यंत शुद्धीत राहील आणि मग कात्री हातात धरून डुलक्या घेईल, एवढीच.

ही भांग म्हणजे शिसं. हो, तेच शिसं. बंदुकीच्या गोळीतलं, छापखान्याच्या खिळ्यांतलं, लोखंडी पुलाला गंज चढू नये म्हणून देतात त्या शेंदरी रंगातलं. पॅलेडियमचं ते विष. कणभर घातलं की न्हावी शहाण्यासारखा वागतो. कणभराच्या वर गेलं की बसल्या जागी घोरायला लागतो आणि गिऱ्हाईक केसांसकट घरी जातं.

तेव्हा सगळा खेळ त्या कणाचा. ते वजन बिवलकर स्वतः करत. काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, खिडक्या बंद, आणि मी श्वास रोखून उभा, कारण माझ्या श्वासाने पारडं हलतं असा त्यांचा माझ्यावर जाहीर आरोप होता. रुळांवरून गाडी जात असली तर ती लांब जाईपर्यंत सगळं थांबायचं. शिशाचा तो पांढरा कण पारड्यात पडला की ते बायको बाळंतीण झाल्यासारखा निःश्वास टाकत.

काचेच्या लहान चंबूत आमचं लव्हेंडर पहिल्या झटक्यात आलं. परमानंद शेठनी एक थेंब मनगटावर घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा ओले होते. त्यांनी तिथल्या तिथे मोठा हंडा मागवला.

हंडा हे आम्ही दिलेलं नाव. जाड पोलादाचं उभं भांडं, आत ढवळायला पंखा, वर अजस्र झाकण आणि त्याला कडेने बोल्ट. झाकण साखळीच्या चाकावरून उचलावं लागे, तेही धुण्यापुरतं हातभर. तेल आणि पूड झाकणावरच्या एका लहान तोंडातून आत जायची, मग तोंड बंद करून हायड्रोजन सोडायचा. बाहेर एक काटा. न्हावी कामाला लागला की हायड्रोजन संपू लागतो आणि काटा खाली येतो. बरोबर मध्यावर येऊन आपण होऊन थांबला की जिंकलो. पुढची दीड वर्षं आमचं सुखदुःख त्या काट्याला टांगलेलं होतं.

हंडा आला त्या दिवशी आम्ही त्याची यथासांग पूजा केली. नारळ फुटला, पोटावर हळदकुंकू लागलं. परदेशी डॉक्टरेटवाल्या बिवलकरांनीही एक बोट टेकवलं. हंड्याचा कारभार दिला धोंडिबाकडे.

धोंडिबा महाळुंग्याचा. चाकणकडचं शेतकरी घर. जमीन भावांवर सोपवून तो कंपनीत आला होता. ‘कंपनी’ हा शब्द तो खडीसाखरेसारखा घोळवून म्हणायचा, वास्तविक आमची कंपनी म्हणजे एक शेड, एक हंडा आणि एक खरूज झालेलं कुत्रं. आठवडाभर तो शेडच्या पडवीतच राही. हंडा धुणं, झाकण बसवणं, बोल्ट आवळणं, सगळं तोच करी आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. बिवलकरांवर त्याची भक्ती. डॉक्टर जेवले नाहीत तर याची भाकरी फडक्यात तशीच राही.

हंड्यातली पहिली बॅच. शेठ उजवा पाय आधी टाकून आत आले. हायड्रोजन सोडला. काटा जरासा हलला, आणि बसला. आम्ही सगळे त्याच्याकडे टक लावून. काट्याने जणू आम्हाला ओळखच दाखवली नाही. संध्याकाळी झडप उघडली तर आत रॉकेल आणि गवत.

भांग जास्त झाली, असं निदान बिवलकरांनी केलं. मोठ्या भांड्याचं गणित वेगळं असतं. पुढच्या वेळी शिसं थोडं कमी. काटा तिथेच. अजून कमी. काटा तिथेच. शेठ रोज सकाळी दारातून विचारत, “डॉक्टरसाब, फूल खिला?” सुरुवातीला बिवलकर हसून उद्याचा वायदा करत. मग नुसते हसत. मग शेठच्या चपला वाजल्या की तराजूच्या खोलीत जाऊन बसत.

माझ्या घरी वेगळाच दरबार. आम्ही चिंचवडच्या गावठाणात राहायचो. बायको माझा शर्ट दारातच काढून घ्यायची, नाकाशी धरायची आणि अंगणातल्या दोरीवर लांब नेऊन टाकायची. शेजारची काकू भिंतीवरून विचारी, आजही गवतच का? वस्तीत आमच्या कारखान्याचा निकाल माझ्या आधी पोचायचा.

एक दिवस बिवलकरांनी शिसं घातलंच नाही. अजिबात नाही. कोरं पॅलेडियम, उतावळा, शुद्धीतला न्हावी. आता गोटा होणार, ओला पुठ्ठा येणार, पण निदान काटा तरी पडेल. मग शिशाचं माप कणाकणाने चढवत जाऊ, असा त्यांचा हिशेब होता. मला तर त्या पुठ्ठ्याच्या वासाची ओढ लागली होती.

काटा हलला नाही.

बिवलकर काट्याच्या काचेवर बोट आपटत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाटणकर, भांग नाही, आणि तरी हा झोपलाय.”

हे वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो मी नंतर फक्त इस्पितळाच्या व्हरांड्यात ऐकला आहे. बॅच बिघडणं वेगळं. इथे ज्या शास्त्रावर त्यांनी आयुष्य काढलं ते तोंडावर खोटं बोलत होतं. त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं, आणि अर्थात धोंडिबाचंही.

मग आम्ही संशयाच्या मागे लागलो. पवनेचं पाणी तपासलं. खडू तपासला. घाटातून लॉरीने येणारे हायड्रोजनचे सिलिंडर बदलले. तेच पाणी, तोच खडू, तोच वायू काचेच्या चंबूत घातला की छान लव्हेंडर. हंड्यात घातला की मढं. म्हणजे खोट हंड्यात. आम्ही झाकण हातभर उचलून दिवा आत सोडला, तळ पाहिला, भिंती पाहिल्या, पंख्याची पाती पुसून पाहिली. दिवा धरायला धोंडिबा. बिवलकरांनी त्याला सरळ विचारलं, धुताना हंड्यात काही टाकतोस का, सोडा, चिंच, राख? त्याने कानाला हात लावले.

“न्हाई साहेब. हंड्यात कायबी टाकत न्हाई. देवाच्यान.”

आणि ते खरंच होतं. धोंडिबा खोटं बोलणारा माणूस नव्हता.

एव्हाना मुंबईच्या साबण कंपनीचा निरोप आला होता. त्यांचे वास पारखणारे गृहस्थ म्हणजे रुस्तमजी. आम्ही त्यांना नाकवाले म्हणत असू. कोट, काळी टोपी, खिशात कागदाच्या पट्ट्या. पट्टी बुडवायची, नाकाखालून एकदाच फिरवायची आणि निकाल द्यायचा. आमच्या एका बॅचला त्यांनी सायकलचं दुकान म्हटलं होतं. पण मनाने चांगले. त्यांनी शेठना बाजूला घेऊन सांगितलं की एक डबा चांगला दिलात तर मी टाळ्या वाजवीन, पण कंपनी टाळ्या विकत घेत नाही. लागोपाठ एकसारखा माल पावसाळ्याच्या आत दाखवा. नाहीतर परदेशचा करार पुढे चालू. शेठनी मान डोलावली आणि आम्हाला तेवढ्याच शांतपणे सांगितलं की तसं झालं नाही तर शेड विकावी लागेल. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

चैत्र आला. महाळुंग्याच्या बाजूला म्हसोबाची जत्रा होती, धोंडिबा रजा घेऊन गेला. जाताना हंड्याला नमस्कार करून गेला, आणि मला बजावून गेला की परक्याचा हात लागू देऊ नका. पण बिवलकरांना थांबायचं नव्हतं. शेठनी गोदामातले दोन हमाल पाठवले. त्या बिचाऱ्यांना आमची हातभराची रीत काय ठाऊक? त्यांनी साखळी ओढ ओढ ओढून झाकण पार वर नेलं, कॉस्टिक सोडा घेतला आणि जे दिसेल ते घासलं. वर अभिमानाने सांगायला आले की झाकणाला आतून तांबडा तेलकट गंज धरला होता, तोही खरवडून काढला. बिवलकर त्यांच्यावर खेकसले. सोडा फुकट घालवला, सकाळ फुकट घालवली, गंजाने काही होत नसतं. मीही चार शब्द सुनावले. हमाल हिरमुसून गेले.

मग बिवलकर हट्टाला पेटले. म्हणाले, कमी-जास्त खूप झालं, आज परदेशी पुस्तकातलं मूळ माप घालतो आणि काय होतं ते होऊ दे.

काटा पडू लागला.

वाचकहो, मी नाटकं पुष्कळ पाहिली, दोन-चारांत भाल्यासह उभाही राहिलो आहे. पण त्या काट्यासारखा प्रवेश कोणी घेतलेला पाहिला नाही. हळूहळू, तोऱ्यात, एकेक रेघ उतरत तो मध्यावर आला आणि थांबला. आपण होऊन. बिवलकर माझा दंड इतका घट्ट धरून उभे होते की वळ उठला. झडप उघडली आणि शेडभर लव्हेंडर झालं. कुत्रंसुद्धा दारात येऊन नाक वर करून उभं राहिलं. शेठ आले, दारातच थांबले. त्या दिवशी त्यांनी कोणता पाय आधी टाकला हे त्यांनाही आठवेना. घरी बायकोने शर्ट घेतला, नाकाशी धरला आणि दोरीवर न टाकता घडी करून ट्रंकेत ठेवला. रुस्तमजींनी पट्टी नाकाखालून फिरवली, पुन्हा एकदा फिरवली, आणि म्हणाले, “डॉक्टर, आ तो बाग छे.”

आता फक्त तसंच पुन्हा करायचं होतं.

शास्त्र काय सांगतं? यशस्वी दिवस जसाच्या तसा पुन्हा मांडा. आम्ही मांडला. त्या दिवशी बिवलकरांच्या अंगात एक गुंडी तुटलेला तपकिरी कोट होता. वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली त्यांनी तो चढवला आणि गुंडी शिवायला घरात मनाई केली. सिलिंडर त्याच लॉरीवाल्याचा. मी त्या दिवशी दुपारी स्टेशनाजवळची कांदाभजी खाल्ली होती. मला रोज ती खायला लावली, आणि पोट बिघडलं तेव्हा शेठनी गंभीरपणे विचारलं की त्या दिवशीही बिघडलं होतं काय. आम्ही हसत नव्हतो. तिघं शिकले-सवरलेले पुरुष एका कोटाला आणि भज्यांच्या पुडीला शास्त्र म्हणत होतो. त्या दिवसातली एकूण एक गोष्ट आम्ही परत आणली.

एक सोडून. त्या दिवशी धोंडिबा नव्हता. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. उलट बिवलकर म्हणाले की आता जोखीम नको, हमालांच्या हाती हंडा द्यायचा नाही, आपला धोंडिबाच हवा.

धोंडिबा जत्रेहून परतला होता. हंड्यापाशी जाऊन बराच वेळ काही करत होता, आणि बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी कारण विचारलं तर नुसती मान हलवली. परक्याने हंडा हाताळल्याचा राग, असं मी समजलो.

काटा हलला नाही.

पुढची बॅच, तेच. त्याच्या पुढची, तेच. तीच पूड, तेच माप, तोच कोट. लव्हेंडर एकदा येऊन गेलं होतं हेच जास्त वाईट. आलंच नसतं तर बिवलकरांनी हात टेकले असते. आता ते रोज नव्याने विश्वास ठेवत आणि रोज संध्याकाळी तो विश्वास झडपेतून रॉकेलच्या वासाने बाहेर येई. त्यांचे हात थरथरू लागले. तराजूचं पारडं आता माझ्या श्वासाने हलत नव्हतं. एकदा मी वजन करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी काम संपवून बराच वेळ झाला तरी वळले नाहीत. धोंडिबा दारातून हे बघत होता. त्या दिवशी तो कधी नव्हे ते सांगून बाहेर पडला, चिंचवडच्या बाजारातून काही आणायचं आहे म्हणाला.

पावसाळा तोंडावर आला. रुस्तमजींचं सभ्य पत्र आलं. शेठनी शेड विकली.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. शेठनी कॅम्पात कापडाचं दुकान घातलं. कापडाला वास नसतो, म्हणून बरं, असं म्हणतात. बिवलकर सांगलीकडच्या एका कॉलेजात शिकवायला गेले. उत्प्रेरकांचा धडा आला की तो तास सहकाऱ्याला देतात असं त्यांच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितलं. सासऱ्यांना साबण गेला नाही. मी रंगाच्या कारखान्यात लागलो आणि तिथे जाड झालो. धोंडिबाला रुळांपलीकडच्या एका नव्या कारखान्यात कायमची नोकरी मिळाली. संक्रांतीला तिळगूळ घेऊन अजून येतो, आणि दर वेळी डॉक्टरांची तब्येत विचारतो.

तर शेडचा शेवटचा दिवस. पुण्याच्या जुन्या बाजारातला लोखंडवाला हंडा न्यायला आला होता. शेठ खुर्चीवर, बिवलकर तो कोट अंगात घालून उभे. उगाचच घातला होता, सवयीने. धोंडिबा कोपऱ्यात, हातात टोपी. लोखंडवाल्याच्या माणसांनी बोल्ट काढले, साखळी ओढली. झाकण हातभर वर आलं, आणि आम्ही ज्या उंचीवर नेहमी थांबायचो तिथे न थांबता वर जातच राहिलं. मग त्यांनी ते बाजूला घेतलं आणि उलटं करून जमिनीवर टेकवलं.

झाकणाच्या खालच्या बाजूला शेंदूर होता. तेलात कालवलेला, हाताच्या तळव्याने फासलेला, थरावर थर, गावाबाहेरच्या म्हसोबाच्या धोंड्यावर चढतो तसा. कडेकडेने त्याचे ओघळ खाली हंड्याच्या दिशेने गेलेले. जिथे जिथे तेलाने धुऊन पातळ झाला होता तिथे वर ताजा लावलेला. आणि मधोमध पत्र्याचे दोन पांढरे डोळे, जत्रेत मिळतात तसले.

लोखंडवाल्याच्या एका माणसाने नकळत पायातली चप्पल काढली.

बिवलकर खाली बसले. नखाने थोडा शेंदूर खरवडला, बोटांत चोळला, उजेडाकडे धरला. “शिसं,” ते म्हणाले. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं, सौम्यपणे. मग ते तिथेच जमिनीवर बसून राहिले.

शेठ माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं की शेंदूर म्हणजे शिसंच; जी भांग डॉक्टर श्वास रोखून कणाने मोजत होते, ती वरून ओंजळीने गळत होती. शिसं न घालताही न्हावी का झोपला, हमालांनी घासलं त्याच दिवशी का जागा झाला, हे सगळं शेठना एकदम कळलं असावं. त्यांनी कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

धोंडिबा पुढे आला. तो घाबरलेला नव्हता. देव बघून साहेबलोक गहिवरले, असंच त्याला वाटलं असणार. सांगू लागला. पहिल्या बॅचपासून लावत होता. हंड्यात नाही, तिथे पाणी पडतं, ब्रश फिरतो. देव वर असावा, म्हणून झाकणाला. गुण येईना म्हणून थोडा वाढवला. डॉक्टरांनी जेवण सोडलं तेव्हा अजून वाढवला. जत्रेतून मुद्दाम डोळे आणले, तर इथे येऊन बघतो तो कोणीतरी देव खरवडून काढलेला. सायबांच्या मनाला लागेल म्हणून बोललो नाही, पण दुप्पट लावला. आणि डॉक्टरांचे हात कापताना पाहिले त्या दिवशी चिंचवडहून अख्खी पुडी आणली, ती एकाच दिवशी सगळी चढवली.

एवढं बोलून तो थांबला. जमिनीवर बसलेल्या डॉक्टरांकडे त्याने पाहिलं, कपाळावर हात ठेवलेल्या शेठकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आपल्या सेवेत काहीतरी चुकलं एवढं त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा पडला, आणि लोखंडवाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याने विचारलं,

“मंग कमी पडला व्हय, साहेब?”